मागची कंपनी कशी संपवली, यावर पुढची ठरते

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३६, पुण्यातली स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी गेल्या वर्षी विकली, कर भरून हातात साधारण ३ कोटी उरले. आता लगेच दुसरी कंपनी काढावी, की हे पैसे नव्या स्टार्टअपमध्ये घालून जरा बाजूला बसावं? आणि एकामागून एक कंपन्या काढणाऱ्याचं, पुढे गुंतवणूकदार झालेल्याचं आयुष्य आतून असतं तरी कसं?

मी तीन कंपन्या काढल्या. पहिली बुडाली, दुसरी विकली, तिसरी मी स्वतःहून बंद केली. २०१४ पासून इतरांच्या कंपन्यांत पैसे घालते. आजवर २३ ठिकाणी घातलेत. या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालंय. मागची कंपनी तुम्ही कशी संपवली, यावर पुढच्या कंपनीचं बरंचसं ठरून गेलेलं असतं. सत्कार-समारंभांत सुरुवातीच्या कथा सांगतात: गॅरेज, उधार घेतलेला कॉम्प्युटर, पहिलं गिऱ्हाईक. मी तुम्हाला शेवटांबद्दल सांगणार आहे, कारण तुमचा एक शेवट नुकताच झालाय आणि तो अजून पुरता उरकलेला नाही.

माझी पहिली कंपनी १९९८ ची. भोसरी एमआयडीसीत, एका वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर. हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे धातू तापवून कडक करायच्या, भट्ट्यांचं तापमान नोंदवणारी यंत्रं आम्ही बनवायचो. तोवर भट्टीवरचा माणूस दर अर्ध्या तासाने काटा बघून वहीत आकडा लिहायचा. रात्रपाळीत डोळा लागला, तर पहाटे चार-पाच आकडे एकदम अंदाजाने भरायचा. गाडीच्या गिअरचा दात नीट कडक झालाय की ठिसूळ, हे त्या तापमानावर ठरतं. आमचं यंत्र थर्मोकपलवरून, म्हणजे भट्टीतलं तापमान मोजणाऱ्या तारेवरून, दर मिनिटाला आकडा घेऊन साठवून ठेवायचं. माल चांगला होता, मागणी होती, चौदा माणसं होती.

आम्ही बुडालो ते उधारीत. निम्म्याहून जास्त विक्री एकाच मोठ्या गिऱ्हाइकाला होती. ९० दिवसांचं पेमेंट १५० वर गेलं, मग २१० वर. मी दर मंगळवारी त्यांच्या खरेदी विभागाबाहेरच्या बाकावर बसायचे. पगार द्यायला बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची उचल, ओढत गेलो आणि त्या सीसीला तारण होतं आमचं राहतं घर. २००२ च्या दिवाळीचा बोनस नवऱ्याच्या पगारातून दिला. मार्च २००३ मध्ये मी थांबायचं ठरवलं. (२००६ च्या कायद्याने लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचं बंधन आलं. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांना वेळेत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा करता येत नाही. त्या बाकावर बसले होते तेव्हा यातलं काही असतं तर, हा विचार आजही येतो.)

थांबायचं ठरवल्यावर आमच्या सीएंनी, त्यांचं ऑफिस टिळक रस्त्यावर होतं, एका कोऱ्या कागदावर क्रम लिहून दिला. आधी पगार आणि पीएफ. मग कापून ठेवलेला टीडीएस आणि विक्रीकर. मग बँक. मग पुरवठादार. सगळ्यांत शेवटी आपण. मी म्हटलं, पुरवठादार रोज फोन करतायत, पीएफवाले तर काहीच विचारत नाहीयेत. ते म्हणाले, म्हणूनच पीएफ आधी. कामगारांच्या पगारातून कापलेला पैसा कधीच तुमचा नव्हता, तो वापरलात तर तुम्ही धंद्यात हरलेल्या राहत नाही, दुसऱ्याच कशात तरी गणल्या जाता. तो कागद मी अजून जपून ठेवलाय आणि ज्या ज्या संस्थापकाची कंपनी बंद पडायला आली, त्याला त्याची प्रत दिलीय.

पुरवठादारांकडे मी स्वतः गेले, फोन केला नाही. सर्किट बोर्ड बनवून देणाऱ्या एका लघुउद्योजकाचे १ लाख ८५ हजार देणं होते. मी सांगितलं, नोकरी धरतेय, महिन्याला १० हजार देईन. दिले. दीड वर्षाहून जास्त लागलं. शेवटच्या महिन्यात त्यांनी पावती फाडून दिली आणि विचारलं, ‘ताई, आता पुढे काय बनवणार?’ तो प्रश्न म्हणजे माझ्या दुसऱ्या कंपनीचं पहिलं भांडवल होतं, पण हे कळायला मला आणखी दोन वर्षं जावी लागली.

इथे जरा थांबून कायद्याचं सांगते, कारण हुशार माणसं हमखास इथेच अडकतात. कंपनी बंद पडते म्हणजे काम थांबतं. कागदावर ती जिवंतच राहते. तिचा ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र दर वर्षी भरावंच लागतं. सलग तीन आर्थिक वर्षं भरलं नाही, तर तिचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, दुसऱ्या कुठल्याही कंपनीत त्यांची संचालक म्हणून नेमणूक होऊ शकत नाही. २०१७ मध्ये कंपनी मंत्रालयाने अशी तीन लाखांहून जास्त संचालकांची यादी काढली, तेव्हा कित्येकांना आपली जुनी मेलेली कंपनी आठवली. माझ्यापर्यंत बाणेरचा एक तरुण आला होता. वस्तू उत्तम, गिऱ्हाइकं पैसे देत होती, टर्मशीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कागद, हातात होती. वकिलांच्या तपासणीत निघालं, की कॉलेजात असताना मित्राबरोबर काढलेल्या कंपनीची विवरणपत्रं कुणीच भरली नव्हती आणि हा अपात्र ठरला होता. ते निस्तरण्यात चार महिने गेले. तोवर गुंतवणूकदाराने दुसरीकडे चेक लिहिला.

वाट फार अवघड नाही. देणी शून्यावर आणायची, बँकेचं खातं बंद करायचं, जीएसटीची नोंदणी रद्द करून शेवटचं विवरणपत्र भरायचं आणि एसटीके-२ हा, कंपनीचं नाव नोंदीतून काढायचा, अर्ज करायचा. त्याची फी १० हजार आहे. २०२३ पासून या अर्जांसाठी वेगळं केंद्र झालंय, त्यामुळे पूर्वीसारखं वर्षानुवर्षं ताटकळावं लागत नाही. आमच्या वेळी मी डेक्कनला पीएमटीच्या इमारतीत कंपनी रजिस्ट्रारच्या कचेरीत खेटे घातले होते. आता ती कचेरी आकुर्डीला आहे आणि बहुतेक काम घरबसल्या होतं. तरीही लोक करत नाहीत. मेलेल्या कंपनीची फाईल उघडायला मन धजत नाही, हे खरं कारण आहे. मला ते पूर्ण समजतं.

दुसरी कंपनी २००६ ची. कल्पना पहिलीतूनच निघाली. तापमान नोंदवून ठेवलं, पण कुठल्या तुकड्याला कुठलं तापमान मिळालं, हे कोण सांगणार? वाहन कंपन्या सुटे भाग बनवणाऱ्यांना विचारू लागल्या होत्या, की एखादा भाग सदोष निघाला तर त्याच भट्टीतून त्याच दिवशी निघालेले बाकीचे भाग कुठल्या गाड्यांत गेलेत ते दाखवा. आम्ही प्रत्येक भागावर खूण कोरून त्याचा जन्मापासूनचा प्रवास साठवणारं सॉफ्टवेअर केलं. चाकण, भोसरी, रांजणगाव, हीच गिऱ्हाइकं. पहिल्या कंपनीतल्या चौदांपैकी पाच जण परत आले. त्यांना मी बोलावलंसुद्धा नव्हतं, त्यांनीच ऐकून फोन केले. सर्किट बोर्डवाल्यांनी सहा महिन्यांची उधारी न मागता दिली. ज्या बँकेचं कर्ज घर विकायची वेळ न आणता फेडलं होतं, तिच्याच शाखेने नवीन मर्यादा मंजूर केली. आणि या वेळी मी एकाच गिऱ्हाइकाकडे एकूण विक्रीच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त जाऊ दिलं नाही. दोन मोठ्या ऑर्डरी त्यासाठी सोडल्या. भागीदार चिडला होता, मी बधले नाही.

एकामागून एक कंपन्या काढणाऱ्यासाठी सिरियल आंत्रप्रेन्योर हा शब्द आपल्याकडे अलीकडे आला, माणूस मात्र जुना आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद घ्या, जन्म १८८२. रेल्वेची कंत्राटं, १९१९ मध्ये सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन, आपल्या इंदापूर तालुक्यात साखर कारखाना आणि त्याभोवतीचं वालचंदनगर, १९४० मध्ये बंगळुरूला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी. विमानांचा कारखाना १९४२ मध्ये, ऐन युद्धात, सरकारने ताब्यात घेतला. १९४४ मध्ये हा माणूस प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढून मोटारींच्या मागे लागलेला होता. पुण्यातलं आजचं उदाहरण सुपम महेश्वरी आणि अमिताव साहा यांचं. २००० मध्ये ई-लर्निंगची ब्रेनविसा काढली, २००७ मध्ये ती इंडेकॉमला विकली, २०१० मध्ये लहान मुलांच्या वस्तूंची फर्स्टक्राय सुरू केली. तिच्या घरपोच पोहोचवण्याच्या कामातून २०१५ मध्ये एक्सप्रेसबीज वेगळी झाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये फर्स्टक्राय शेअर बाजारात आली. यातलं मला सर्वांत बोलकं वाटतं ते हे, की दोघेही एका कंपनीतून दुसरीत एकत्र गेले. विक्रीच्या वेळी भागीदारांत कटुता आली, तर दुसरी कंपनी एकट्यानेच काढावी लागते.

माझी दुसरी कंपनी २०१३ मध्ये एका परदेशी कंपनीने घेतली. विक्री म्हणजे एक दिवस, एक सही, एक आकडा अशी लोकांची कल्पना असते. तुम्हाला आता खरं माहीत झालंच असेल, पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते. ठरलेल्या किमतीतला काही भाग दीड-दोन वर्षांसाठी राखून ठेवतात. आपण दिलेल्या हमीपैकी काही खोटं निघालं, जुनी कराची नोटीस आली, तर त्यातून वळतं करतात. आणखी काही भाग पुढच्या विक्रीचे आकडे गाठले तरच मिळतो. आणि तेवढा काळ आपण आपल्याच कंपनीत नोकर असतो. मी दोन वर्षं होते. रजेचा अर्ज भरताना हात थांबायचा. सगळ्यांत अवघड होतं, आपण घेतलेली माणसं दुसऱ्याच्या निर्णयाने जाताना बघणं आणि त्यांना खोटा दिलासा न देणं. खरेदीदाराने घेतलेले काही निर्णय मला चुकीचे वाटले. मी बैठकीत बोलले, बाहेर एक शब्द बोलले नाही. राखून ठेवलेली रक्कम पूर्ण मिळाली, आणि त्याच कंपनीचा भारतातला प्रमुख पुढे माझ्यासोबत चार ठिकाणी गुंतवणूकदार झाला.

स्पर्धा न करण्याच्या अटीबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. ‘आपल्या कायद्यात ती चालतच नाही’ असं कुणी ना कुणी छातीठोकपणे सांगतं. १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमाने धंद्यावर बंधन घालणारा करार रद्दबातल ठरतो, हे बरोबर. पण धंद्याचं गुडविल, म्हणजे त्याचा नावलौकिक, विकणाऱ्याला त्याच कलमात अपवाद आहे, वाजवी मर्यादेत ते बंधन लागू होतं. तुम्ही नोकरी सोडलेली नाही, कंपनी विकलीय. तेव्हा दुसरी कंपनी काढायच्या आधी तो करार पुन्हा वाचा, आणि मित्राला न दाखवता वकिलाला दाखवा.

आता तिसरी. ही मला सांगायलाच हवी.

२०१६ मध्ये मी घरगुती डबा पोहोचवणारी कंपनी काढली. हिंजवडी, खराडी, विमाननगर इथे राहणारी एकटी मुलं-मुली, घरच्या चवीची भूक, फोनवर ऑर्डर. मला भट्ट्या कळत होत्या, कारखाने कळत होते. स्वयंपाकघर धंदा म्हणून कधी पाहिलेलं नव्हतं. तरी पैसे सहज उभे राहिले, कारण माझ्या नावामागे एक विक्री होती. पहिल्या दोन कंपन्यांत मला टोकणारी पाच-सहा माणसं होती. यशानंतर त्यांनीही मान डोलवायला सुरुवात केली आणि मीही त्यांना विचारायची कमी झाले. हिशोब असा होता: डबा ११० रुपयांना. साहित्य ४८, स्वयंपाक आणि पॅकिंग २७, पोहोचवणं ३४, वाया गेलेलं अन्न आणि पेमेंटचं कमिशन मिळून ९. बेरीज ११८. ऑफिसचं भाडं आणि जाहिरात धरायच्या आधीच प्रत्येक डब्यामागे ८ रुपये तोटा. डबे वाढले की पोहोचवण्याचा खर्च उतरेल, असं मी दोन वर्षं म्हणत राहिले. तो ३४ वरून ३१ वर आला आणि तिथेच थांबला, कारण सगळ्यांना डबा साडेबारा ते दीडमध्येच हवा असतो. एक मुलगा एका तासात ठरावीकच घरं करू शकतो. हे गणित पहिल्या महिन्यात कागदावर करता आलं असतं.

२०१९ मध्ये बँकेत सात महिने पुरतील एवढे पैसे असताना मी गुंतवणूकदारांना बोलावलं आणि बंद करते म्हटलं. तोवर चूक लपवण्याचं सामर्थ्य माझ्यात होतं, गुंतवणुकीचा पुढचा राउंड उभा करता आला असता, हे मी आज मोकळेपणाने कबूल करते. माणसांना तीन महिन्यांचा पगार दिला, स्वयंपाक करणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींना दुसऱ्या स्वयंपाकघरांत लावून दिलं आणि उरलेल्यातून गुंतवणूकदारांना रुपयाला ३१ पैसे परत केले. तोटा तो तोटाच. पण त्या गुंतवणूकदारांपैकी दोघांनी पुढे मला विचारून इतरांना पैसे दिलेत.

अमेरिकेतल्या व्हेंचर कॅपिटलवर, म्हणजे जोखमीच्या गुंतवणूकदारांच्या पैशांवर, चाललेल्या कंपन्यांचा हार्वर्डच्या संशोधकांनी केलेला एक अभ्यास आहे. त्यांच्या हिशोबाने आधी यशस्वी झालेल्या संस्थापकाला पुढच्या वेळी यश मिळण्याची शक्यता ३० टक्के, आधी अपयशी ठरलेल्याला २० टक्के, पहिल्यांदाच उतरलेल्याला १८ टक्के. लोक यातला ३० चा आकडा सांगतात. मी तुम्हाला उरलेले ७० बघायला सांगते. आणि २० विरुद्ध १८ हेही बघा: नुसत्या अपयशाने माणूस फारसा शहाणा होत नाही. वयाची चिंता मात्र सोडा. अमेरिकेतच झालेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात, सर्वांत वेगाने वाढलेल्या हजारात एक अशा कंपन्यांच्या संस्थापकांचं कंपनी काढतानाचं सरासरी वय ४५ निघालं. तुमच्यापाशी वेळ आहे.

गुंतवणुकीबद्दल. तो आरामाचा धंदा समजून त्यात येऊ नका.

माझ्या २३ पैकी १२ कंपन्या बंद झाल्या. ६ चालू आहेत, त्यांतून पैसे परत येतील का याची खात्री नाही. ४ मधून घातलेल्याच्या सरासरी दुप्पट आले. एकीतून १९ पट आले. प्रत्येक चेक साधारण १० लाखांचा धरा: गेले २ कोटी ३० लाख, आले २ कोटी ७० लाख. इतक्या वर्षांत मुदत ठेवीत याहून जास्त झाले असते. आणि ती १९ पटवाली कंपनी मी त्या वर्षी नाकारली असती, तर सगळं मिळून ८० लाख आले असते. म्हणून सांगते, तीन-चार चेक लिहून थांबणं म्हणजे सर्वांत वाईट पर्याय. लिहायचे तर पंधरा-वीस लिहा, लहान लिहा, चार-पाच वर्षांत पसरून लिहा.

हिस्सा कसा वितळतो, तेही कागदावर करून बघा. ५ कोटी मूल्यांकनाच्या कंपनीत, तुमचे पैसे धरून, १० लाख घातले, हिस्सा २ टक्के. पुढे तीन राउंड झाले आणि प्रत्येकात नव्या गुंतवणूकदाराने २० टक्के घेतले, तर तुमचे राहतात १.०२ टक्के. कंपनी १०० कोटींना विकली तर तुम्हाला १ कोटी २ लाख. पण मोठ्या गुंतवणूकदारांनी ४० कोटी घातले असतील, आधी आपलं भांडवल परत घ्यायची अट लिहून घेतली असेल आणि कंपनी ४५ कोटींनाच गेली, तर ते ४० घेऊन उठतील. उरलेल्या ५ कोटींत संस्थापक, कर्मचारी आणि तुम्ही. संस्थापकाच्या खुर्चीत असताना ही अट मी वाचली होती, गुंतवणूकदार झाल्यावर ती मला कळली.

पैसे देताना एवढं पाहा: खासगी कंपनीला शेअरसाठी आलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत परत करावे लागतात, आणि वाटपाची नोंद रजिस्ट्रारकडे होईपर्यंत ते वापरता येत नाहीत. ‘ताई, पगार थांबलेत, आधी पाठवा, कागद मागून करू’ असा फोन आला की मी पाठवत नाही, कितीही जवळचा माणूस असला तरी. २०१२ पासून छळणारा एंजल टॅक्स, म्हणजे शेअरच्या वाजवी मूल्याहून जास्त मिळालेल्या पैशांवरचा कर, जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, ही मोठी सुटका आहे. मूल्यांकनावरून नोटिसा आल्यामुळे रात्र-रात्र न झोपलेले संस्थापक मी पाहिलेत.

गुंतवणूकदार म्हणून माझी मोठी चूक वेगळीच होती. मी हात मागे ठेवू शकत नव्हते. पहिल्या एका कंपनीत मी दर आठवड्याला जायचे, भाव ठरवायचे, माणसं निवडायचे, गिऱ्हाइकासमोर बोलायचे. संस्थापक मुलगी गुणी होती. वर्षभरात ती मला वाईट बातम्या सांगेनाशी झाली. एका मोठ्या गिऱ्हाइकाने काम काढून घेतलेलं मला दोन महिन्यांनी तिसऱ्याकडून कळलं. तिला राग नव्हता, ती मला घाबरत होती. आता मी महिन्याला एक पानी पत्र मागते: बँकेत किती, किती महिने पुरतील, या महिन्यात काय बिघडलं. सल्ला विचारला तरच देते. एरवी मी ज्यांना ओळखते त्यांच्याशी गाठ घालून देणं, एवढंच माझं काम.

निवड करताना सादरीकरण बघते, आकडे बघते, पण निर्णय ज्यावर होतो तो प्रश्न एकच: तुमच्या मागच्या कंपनीचे, किंवा मागच्या नोकरीचे, शेवटचे तीन महिने सांगा. मग तिथल्या एका पुरवठादाराचा आणि सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याचा फोन नंबर मागते. जे आढेवेढे न घेता देतात, त्यांच्यासोबत पुढे बोलते. एकाने सांगितलं होतं, ‘पुरवठादार माझ्यावर चिडलेला आहे, त्याचे ४० हजार अजून द्यायचेत, पण बोला त्यांच्याशी.’ मी बोलले. पुरवठादार खरंच चिडलेला होता, पण म्हणाला, पोरगा दर महिन्याला फोन उचलतो. तीच ती १९ पटवाली कंपनी. दुसऱ्या बाजूला, पुण्यातल्या भेटींत, मग ती पुणे ओपन कॉफी क्लबची असो, टाय या उद्योजकांच्या संघटनेची असो, की पाषाणला एनसीएलच्या व्हेंचर सेंटरमध्ये असो, नाही म्हणायचं काम रोजचं आहे. मी दोन आठवड्यांत नाही कळवते, कारणासकट. ‘बघू, पुढच्या तिमाहीत बोलू’ या उत्तराने मी स्वतः आठ महिने घालवलेत.

घरचंही विचारलंय, म्हणून सांगते. या काळात सात वर्षं मी घरी एक रुपया आणला नाही. नवऱ्याच्या पगारावर घर चाललं, आणि हे त्याने बोलून दाखवलं नाही तरी मला रोज दिसत होतं. मुलाच्या दहावीच्या वर्षी मी विक्रीच्या वाटाघाटींत होते, त्याचे पेपर कधी सुरू झाले ते मला शेजारणीने सांगितलं. ही किंमत भरून येत नाही. आता आमचा नियम आहे: घर तारण नाही, आणि प्रत्येक कंपनीआधी आम्ही दोघं एक आकडा लिहितो, त्याच्या पुढे घरचा पैसा जाणार नाही. तिसऱ्या कंपनीत तो आकडा ४० लाख होता. ३८ लाखांवर मी थांबले, ते मुख्यतः त्या कागदामुळे.

तुमच्या ३ कोटींचं मी असं करीन. घराचं कर्ज असेल तर आधी फेडा. तीन वर्षांचा घरखर्च आणि आईवडिलांच्या आजारपणाची तरतूद वेगळी काढा. जमलं तर निम्मे पैसे अशा जागी ठेवा जिथे तुमचा उत्साह पोहोचणार नाही. ४० लाख गुंतवणुकीसाठी, अडीच-अडीच लाखांचे सोळा चेक, चार वर्षांत, आणि पहिले सहा महिने एकही नाही. फक्त भेटा, ऐका, टिपणं ठेवा. दुसऱ्या कंपनीसाठी स्वतःचे ५० लाखांहून जास्त नकोत. ती काढायची घाई एका वर्षासाठी बाजूला ठेवा. विक्रीनंतरच्या रिकाम्या सकाळी जी पहिली कल्पना सुचते, ती बहुधा त्या रिकामपणावरचा उपाय असते. माझा डबा तसाच सुचला होता.

आणि या वर्षात करायचं काम तुमच्यापुढे आहेच. राखून ठेवलेली रक्कम कधी सुटते, स्पर्धा न करण्याची मुदत कोणत्या तारखेला संपते, कुठल्या हमीची जबाबदारी किती वर्षं तुमच्यावर आहे, हे एका पानावर लिहून काढा. जुन्या संचालकपदांची, कॉलेजच्या दिवसांतलीसुद्धा, स्थिती तपासा. मग तुमच्याकडे कर्मचाऱ्यांसाठी ईसॉप, म्हणजे ठरावीक मुदतीनंतर कंपनीचे शेअर घ्यायचे हक्क, होते का ते सांगा. असतील, तर विक्रीच्या दिवशी ज्यांची मुदत पूर्ण झाली नव्हती, त्यांचं काय झालं? ज्यांना थोडक्यात मुकावं लागलं, अशांची नावं तुम्हाला आठवत असतील. करारात लिहिलेलं नसलं तरी तुमच्या वाट्यातून त्यांना काही देता येतं का, त्यावर कर कसा लागेल, हे सीएंना विचारा. द्यायचं नसेल तरी त्यांना एकेकाला भेटा आणि का देत नाही ते समोर बसून सांगा. ते झालं की मला कळवा, दुसऱ्या कंपनीबद्दल तेव्हा बोलू.